काविळीचे अर्ज

माझ्या भावाचे डोळे पिवळे झालेत हे सगळ्यांत आधी आईने ओळखलं, आणि ते तीच ओळखणार होती. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबांच्या काळात म्हैसुरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी रंगाची पिंपं होती आणि आई लहानपणापासून त्यांच्यातच वावरलेली. डाळिंबाच्या सालीचा पिवळा कोणता, हिरड्याचा कोणता, हळदीचा कोणता आणि दुकानातल्या पुडीचा कोणता, हे ती दोरीवरच्या कापडाकडे लांबून बघून सांगायची. मी गणिताची शिक्षिका, मला पिवळा म्हणजे पिवळा. त्या सकाळी भाऊ पायरीवर पेपर वाचत बसला होता. आईने त्याच्या हातात कॉफी दिली, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "अय्यो, डोळे बघ की रे तुझे! कावीळ झालीय तुला."

खरं तर घाबरायची वेळ होती, पण माझा जीव भांड्यात पडला. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. भाऊ पितो हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. मेटगळ्ळीला त्याची भाड्याची शेड होती, तिथे तो कापडी पिशव्यांवर आणि खोक्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करायचा. एकदा त्याला डबा द्यायला गेले तेव्हा शाईच्या डब्यांमागे क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या, ओळीने लावून ठेवलेल्या. त्याच्या अंगाला कायम थिनरचा वास यायचा आणि त्या वासाखाली दुसरा वास लपून जायचा. आमच्या घरात या गोष्टीला नावच नव्हतं. "आज दमलाय," "आज त्याला बरं नाही," "आज हाक मारू नको," एवढंच. आता आईने एक नाव दिलं होतं, आणि ते चार लोकांत घेता येण्यासारखं होतं.

"कावीळच ही," मी म्हणाले. भावाने पेपर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत वर केला.

काविळीला मान असतो. दारुड्याच्या घराकडे बघून लोक रस्ता बदलतात, काविळीच्या माणसाकडे उसाचा रस घेऊन येतात. आमच्याकडे इतका रस आला की आईने शेवटी तो तुळशीला घालायला सुरुवात केली. कोणी मुळे आणले, कोणी मनुका आणल्या. बन्नूरच्या पुढे एका खेड्यात एक म्हातारा झाडपाल्याचं औषध द्यायचा, तर मी शाळेला रजा टाकून भावाला बसने तिकडे नेलं. तीन सकाळी रिकाम्या पोटी हिरवा लगदा, वर ताक, आणि महिनाभर तेल बंद, तिखट बंद. दारूबद्दल म्हाताऱ्याने काही विचारलं नाही आणि मीही आपण होऊन काही बोलले नाही. भावाला इतकी मळमळ होत होती की तो त्या दिवसांत पीतच नव्हता. डोळे पांढरे झाले. सगळं श्रेय म्हाताऱ्याला गेलं. मी त्याला नारळ आणि पंचा नेऊन दिला.

दरम्यान नर्सिंग होममध्ये सलाइन लावायला चार दिवस ठेवलं होतं, त्याचं बिल आलं. शेड दोन महिने बंद, तिचं भाडं तुंबलं. तेव्हा आई म्हणाली, "मंडळीला विचार की."

मंडळी म्हणजे आमच्या समाजाची मंडळी, देवळामागच्या हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी जमणारी. तिचा एक मदतनिधी आहे. त्याची रीत जुनी आहे. पूर्वी कोणाचं निळीचं पिंप नासलं की तो रंगारी सगळ्यांसमोर उभा राहून काय बिघडलं ते आपल्या तोंडाने सांगायचा, मग बाकीचे आपापल्या चांगल्या पिंपातलं थोडं थोडं पाणी त्याला विरजणासारखं द्यायचे. पिंपं गेली, लोक बँकेत आणि शाळेत लागले, शिंपीकाम करू लागले, पण रीत राहिली. अजूनही मदत हवी असेल तर घरच्या माणसाने उभं राहून अर्ज स्वतः वाचायचा, मराठीत. कोणी उलट प्रश्न विचारायचा नाही. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करायचा. अध्यक्ष वहीत एका ओळीत कारण लिहितात आणि पाकीट देतात.

मी अर्ज लिहिला. आमच्यातल्या तरुण पोरांना मराठी बोलता येतं ते "जेवलास?" आणि "कुठं चाललास?" एवढंच, बाकी सगळं कानडी. म्हाताऱ्यांना बोलता येतं पण लिहायची सवय गेलेली. मी आजोबांकडून लिहायला शिकले होते. "माझा धाकटा बंधू काविळीच्या गंभीर आजाराने अंथरुणास खिळला असून" असं काहीतरी मी वाचलं. हॉलमधले सगळे हात वर गेले. नंतर दोन बायका माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, काय छान मराठी आहे गं तुझी! आणि मी खुशीत घरी आले. खोटं बोलून पैसे आणले होते, आणि मला काय आवडलं तर माझी भाषा.

दहा महिन्यांनी डोळे परत पिवळे झाले. मी तोच अर्ज काढला, तारीख बदलली, "पुन्हा" हा शब्द घातला आणि वाचला. पुन्हा सगळे हात वर गेले.

बाहेर कावीळच म्हणायचं, या आईच्या हट्टामागे एक कारण होतं आणि ते मला कळत होतं. भावाचं लग्न व्हायचं होतं. माझं झालं नाही, त्याची कारणं इथे नकोत. त्याचं तरी व्हावं म्हणून ती जीव टाकत होती, आणि मुलगी मिळणार ती याच मंडळीतून. "तिथं तो शब्द गेला की कोण देणार पोरगी?" ती म्हणायची. मोरीतल्या हौदात दगडाला बांधून सोडलेली बाटली सापडली त्या दिवशीही ती हेच म्हणाली. बाटली तिने रिकामी केली, धुतली आणि रॉकेलला ठेवली.

मग एका मंगळवारी शाळेत निरोप आला, भाऊ शेडमध्ये पडलाय. त्याने आपणहून दोन दिवस दारू बंद केली होती, कोणालाही न सांगता. एका कारखान्याच्या पिशव्यांवर त्याने लाल रंग निळ्यावर दोन बोटं सरकवून छापला होता, सगळा गठ्ठा परत आला होता, आणि त्याची त्याला शरम वाटली होती. तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. शेजारच्या लेथवाल्याने त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. त्याने कानडीत विचारलं, रोज किती पितो? मी म्हणाले, त्याला कावीळ होते, दोनदा झाली. तो म्हणाला, "मॅडम, कावीळ हा रोग नाही, ती खूण आहे. लिव्हर दारूने बिघडलंय. किती पितो?"

"कधीमधी," मी म्हणाले.

"रोज," खाटेवरून भाऊ म्हणाला. "सकाळपासून."

डॉक्टरने सांगितलं, अचानक सोडली तर परत फिट येईल, चालू ठेवली तर लिव्हर जाईल. देखरेखीखाली सोडवायला हवी, आणि लवकर. दोनेक दिवसांत तो घरी आला, गोळ्या घेऊन, भिंतीला धरून चालत. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आजवर मला लोक काय म्हणतील याची भीती होती. ही वेगळी होती. तो मरेल असं मला वाटत होतं आणि तो एकतीस वर्षांचा होता.

आता शोधायचं कुठे? अशा जागांचे पत्ते कोणी पत्रिकेसारखे घरी आणून देत नाही. सिटी बसच्या पाठीवर "दारू सोडवा" असा स्टिकर असायचा, तो मी शंभरदा बघून न बघितल्यासारखं केलं होतं. आता त्या बसमागे अर्धा रस्ता चालत जाऊन हातावर नंबर लिहून घेतला. घरी फोन होता, पण घरी आई होती. शाळेत फोन होता, पण तिथे कान होते. म्हणून मी तीन मोहल्ले सोडून एका अनोळखी फोन बूथवर गेले, पदर सावरून आत शिरले आणि हळू आवाजात बोलले. पलीकडचा माणूस म्हणाला, हूटगळ्ळीला आमचं सेंटर आहे, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरा, गाडी पाठवतो, चार माणसं येतील आणि उचलून नेतील. पेशंटला आधी सांगू नका.

बाहेर आले तर बूथवाला सुटे पैसे देता देता म्हणाला, "मॅडम, तिथं नका ठेवू. माझ्या मेहुण्याला ठेवला होता. मारतात." मी इतकी दूर आले होते की कोणाला कळू नये, आणि माझं सगळं बोलणं काचेच्या पलीकडे जात होतं. मला त्या माणसाचा राग आला. पैसे न मोजता तिथून निघाले.

तरी दुसऱ्या दिवशी हूटगळ्ळीला गेलेच. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी उत्तर मान्य करत नाही, ही माझी वर्गातली खोड. नवीन घरांच्या ओळीत एक दुमजली घर, गेटला बाहेरून कुलूप, आत अंगणात गोटे केलेली माणसं ओळीत बसून कांदे सोलत होती. मी विचारलं, डॉक्टर कोण? म्हणाले, येतात. कधी? लागतील तेव्हा. फिट आली तर? त्यावर तो मालक हसला आणि म्हणाला, इथं कोणाला फिट येत नाही मॅडम. खरं सांगायचं तर क्षणभर मला मोह झाला. गाडी येईल, चार माणसं येतील, मला काही बोलावं लागणार नाही, तीन महिने घर शांत. मग त्या कांदे सोलणाऱ्यांपैकी एकाने मान वर करून बघितलं, आणि मी परत बस स्टॉपवर आले.

सरकारी इस्पितळात यासाठी वेगळा वॉर्ड होता, खर्च नावापुरता, पण खाटा भरलेल्या आणि पुढे महिनाभर वाट बघणारे. तिथली बाई डॉक्टर मात्र पाच मिनिटं बसून बोलली. म्हणाली, तुमच्याकडे महिना नाही. तिने चिठ्ठीवर एका धर्मादाय इस्पितळाचं नाव लिहून दिलं. तिथे चार आठवडे ठेवतात, डॉक्टर चोवीस तास, घरच्या एका माणसाला रोज हजर राहावं लागतं. पैसे लागतील, पण लुटत नाहीत.

गुरुवारी भावाला घेऊन तिथे गेले. तो आपणहून आला, ना गाडी लागली, ना चार माणसं. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने विचारलं आणि मी कानडीत सगळं घडाघडा सांगितलं. पाच वर्षं झाली पितोय, सकाळपासून पितो, फिट आली, दोनदा लिव्हर बिघडलं. एकदाही अडखळले नाही. मला वाटलं, मी किती धीट झाले! डॉक्टर म्हणाली, सोमवारी एक खाट रिकामी होतेय, निम्मे पैसे त्या दिवशी भरा, निम्मे पंधरा दिवसांनी. सोमवारी नाही आलात तर खाट दुसऱ्याला जाईल.

पंधरा दिवसांनंतरचे निम्मे माझ्या भविष्यनिधीतून मिळणार होते. सोमवारचे निम्मे नव्हते. भावाची एक विम्याची पॉलिसी होती. तिच्या एजंटाने आदल्या दिवशीच मला कानमंत्र दिला होता. दारूच्या उपचाराला पॉलिसी एक पैसा देत नाही, लिव्हरला देते, तेव्हा कागदावर नुसतं कावीळ लिहून आणा. तेही मी त्या डॉक्टरला विचारलं. आवाज थोडा खाली घेतला होता, पण भाऊ शेजारच्याच खुर्चीत होता.

डॉक्टर म्हणाली, "मी पिवळेपणावर उपचार करत नाही. ज्यावर करते तेच लिहिते." ती रागावली नाही. मला मात्र घाम फुटला.

बस स्टॉपवर भाऊ खांबाला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "अक्का, रविवारी मंडळीत जाणार ना तू? पैशाला?"

"जाईन की. दुसरं काय करू?"

"काय वाचणार?"

मी पर्समध्ये बसचे सुटे पैसे शोधू लागले. तो म्हणाला, "तू कावीळ वाचलीस तर मी सोमवारी येत नाही बघ."

मला वाटलं डोकं फिरलंय याचं. मी म्हणाले, "अरे, तुझ्यासाठीच करते ना मी? लग्न व्हायचंय तुझं! सुम्ने, उगाच का हट्ट करतोस?"

"तू कावीळ म्हणतेस तेव्हा मला कावीळच असते, अक्का. डोळे पांढरे झाले की मी बरा. मंडळी खूश, आई खूश. मग मी प्यायला मोकळा. दोनदा तसंच झालं." तो माझ्याकडे बघत नव्हता, येणाऱ्या बसचा नंबर बघत होता. "आत्ता आत कानडीत सांगितलंस सगळं, पटापटा. ते परके आहेत. आपल्या लोकांत सांग."

बस आली आणि आम्ही चढलो. मला उभं राहायला जागा मिळाली, त्याला बसायला. मी त्याच्या डोक्याकडे बघत होते आणि मला त्याला एक चापट मारावीशी वाटत होती. इतकी वर्षं मी त्याचं झाकत होते आणि तो मला सांगत होता की त्या झाकणाखालीच तो बुडत होता. राग यासाठी आला की ते बरोबर होतं.

आईला सांगितलं तेव्हा तिने कानांवर हात ठेवले. अक्षरशः. मग म्हणाली, "मी येणार नाही. मंडळीत मी तोंड कसं दाखवू?" आणि शनिवारभर माझ्याशी बोलली नाही. शनिवारी दुपारी मी अर्ज लिहायला बसले. "मद्यपानाची व्याधी" असं लिहिलं, फाडलं. "व्यसनाधीनता" लिहिलं, तेही फाडलं. तीच सुंदर मराठी परत माझ्या मदतीला धावत होती. शेवटी पाचवीच्या मुलाला कळेल असं लिहिलं.

रविवारी हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हात खिशात, कारण ते थरथरत होते. माझं नाव पुकारल्यावर मी उठले आणि तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आधीच्या दोन वेळा तो घरी अंथरुणावर होता. मी वाचलं:

"माझा भाऊ दारू पितो. पाच वर्षं पितो. मी या मंडळीपुढे दोनदा कावीळ म्हणून अर्ज वाचला. तेव्हाही तो पीत होता आणि मला माहीत होतं. आता त्याला दारू सोडवायच्या इस्पितळात ठेवायचं आहे. सोमवारी खाट मिळते आहे. निम्म्या पैशांची सोय झाली आहे, निम्मे मागते आहे."

एवढंच वाचलं. वर्गात चाळीस पोरांसमोर वीस वर्षं उभी राहणारी बाई मी, आणि मला टेबलाला धरावं लागलं.

अध्यक्ष पंचाहत्तरीचे, आधी रंगारी आणि मग शिंपी. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बस की मुली. आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. रंगारी ना आम्ही? पहिल्या अर्जानंतर आला होता ना तो, पाया पडायला. डोळ्यांत उरलेला रंग बघूनच कळलं, हा कशाचा पिवळा ते."

"आणि तरी दुसऱ्यांदा पैसे दिलेत?"

"तू कावीळ म्हणालीस, आम्ही काविळीला दिले. तुझा मान राहिला." मग त्यांनी वही पुढे ओढली आणि अगदी मायेने म्हणाले, "आताही तेच लिहितो. पैसे घे, पोराला ने. वहीत कशाला तो शब्द? उद्या कोणी मुलीचा बाप वही चाळतो. इरली बिड, राहू दे ते."

मला त्या सगळ्यांचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. चाळीस जणांना माहीत होतं. चाळीस जण दोन वर्षं त्याला रस्त्यात बघत होते, तब्येत विचारत होते, उसाचा रस पाठवत होते, आणि एकाच्याही तोंडून चकार शब्द नाही. पण रागाच्या मागोमाग हेही कळलं, की जे माझं काम होतं ते मी त्यांच्याकडून मागत होते. त्यांनी तर फक्त माझं ऐकलं होतं. आणि मोह तसाच होता. वाचून झालं होतं, भावाची अट पुरी झाली होती, वहीत काय का लिहिनात!

"नाही काका," मी म्हणाले. "दारू लिहा."

त्यांनी भावाकडे बघितलं. रीत अशी की प्रश्न विचारायचा नाही, पण त्यांनी विचारला. "आणि परत प्यायलास तर?"

भावाने खिशातून हात काढले. "तर परत इथंच येईन. पण अक्काला उभं करणार नाही. अर्ज मी वाचीन."

हात वर झाले, पण सगळे नाही. दोघे जण हाताची घडी घालून बसले आणि एक जण चपला घालून निघून गेला. त्याच्याच भाचीचं स्थळ आई बघत होती. ते त्या आठवड्यात मोडलं. पाकीट मात्र मिळालं आणि सोमवारी आम्ही वेळेवर पोचलो.

चार आठवडे मी बिनपगारी रजा घेतली. रोज दुपारी घरच्या माणसांना गोल करून बसवायचे. मला वाटलं होतं, भावाला कसं सांभाळायचं ते शिकवतील. त्याऐवजी त्या डॉक्टरने प्रत्येकाला विचारलं, तुम्ही काय करत होता? एक नवरा म्हणाला, मी बाटल्या मोजत होतो. एक आई म्हणाली, मी देवाला नवस करत होते. मी म्हणाले, मी अर्ज लिहीत होते. कोणी हसलं नाही.

भाऊ घरी आला तेव्हा वजन वाढलं होतं. त्याने शेड परत उघडली, हातून सुटलेल्या कारखान्याचं काम परत मिळवलं. आई त्याच्या मागे मागे मेटगळ्ळीपर्यंत डबा घेऊन जायची आणि शाईच्या डब्यांमागे वाकून बघायची. तो म्हणायचा, बघ बघ, मोकळंच आहे. दीड वर्ष खरंच मोकळं होतं.

मग एका सकाळी इडली खाता खाता त्याने ताटातून मान वर न करता सांगितलं, चार दिवस झाले, परत सुरू झालीय, मी इस्पितळात बोललोय. आईच्या हातातला डाव तसाच राहिला. मी उठले, टेबलाच्या खणातून कागद आणि पेन काढलं. सवय. तो म्हणाला, "ठेव ते, अक्का."

त्या रविवारी आईसुद्धा आली. तिने कोणाला विचारलं नाही, नवी साडी नेसली आणि आमच्या आधी बाहेर पडली. हॉलमध्ये ती माझ्या शेजारी चटईवर बसली. भाऊ एकटा पुढे गेला. त्याला मराठी लिहिता येत नाही, म्हणून त्याने ते कानडी अक्षरांत लिहून आणलं होतं. अर्ज दोन ओळींचा होता. त्याने तो वाचला, पण मान खाली घालून, घोगऱ्या आवाजात. मलाच नीट कळलं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्षांनी कानामागे हात नेला.

तेव्हा माझ्या शेजारून आई बोलली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी.

"मोठ्यानं वाच की रे. मागं ऐकू येत नाही."

त्याने मान वर केली आणि पहिल्यापासून वाचलं.